कारखान्याच्या जागेवरची बाग

बाबा कोलशेत रोडवरच्या एका कारखान्यात पाळीला जायचे. माझ्यासाठी तो रस्ता म्हणजे भोंगा आणि रसायनांचा वास. आता त्याच रस्त्यावर मी तिकीट काढून बागेत शिरतो.

इथली ‘बायर’ची जमीन ‘कल्पतरू’ने घेतली आणि टॉवर उभे राहिले. औद्योगिक जमीन निवासी करताना तिचा काही भाग सार्वजनिक सुविधांसाठी महापालिकेला द्यावा लागतो. अशा भूखंडावर, २०.५ एकरांत, विकासकाने ठाणे महापालिकेसाठी ग्रँड सेंट्रल पार्क बांधलं. फेब्रुवारी २०२४मध्ये ते खुलं झालं. आत जपानी, मोरोक्कन, मुघल धाटणीच्या बागा आहेत, तळं आहे, मुलांची खेळणी आहेत.

नाव न्यूयॉर्कचं. तिथल्या सेंट्रल पार्कच्या जमिनीचा कायदा १८५३चा. त्याच वर्षी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली रेल्वे आली. न्यूयॉर्कने सरकारी पैशाने आधी जमीन घेतली, शहर नंतर भोवती वाढलं. त्यासाठी सेनेका व्हिलेज ही कृष्णवर्णीयांची वस्ती उठवली गेली, हेही खरं.

आपल्याकडे आधी इमारती ठरल्या, बाग त्यांच्या हिशेबातून निघाली. म्हणजे जिथे मोठी जमीन विकली जाते, तिथेच मोठी बाग होते. मग डोंबिवलीच्या दाटीत, कळव्याच्या चाळींत ती येणार कुठून?

बाबांना बाग आवडली. मलाही आवडते. तरी एकदा आपल्या वॉर्डाचा विकास आराखडा उघडून बघा. बाग, मैदान म्हणून राखलेल्या चौकोनांवर आज काय उभं आहे?