जोनी मिचेलला कुठल्या खणात ठेवायचं?

आजचा भाग मला एका फसलेल्या प्रोग्रॅममुळे सुचला. झालं असं, की गेल्या महिन्यात एका शनिवारी मी घरच्या हार्ड डिस्कवरची सगळी गाणी नीट लावायला बसलो. म्हटलं, छोटी स्क्रिप्ट लिहू. प्रत्येक अल्बमचा जॉन्र बघायचा, त्या नावाचा फोल्डर करायचा, गाणी आत टाकायची. वीस मिनिटांचं काम. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग आली जोनी मिचेल. एकाच बाईचे अल्बम पाच वेगवेगळ्या फोल्डरमध्ये जाऊन पडले. फोक, रॉक, जॅझ, पॉप आणि अदर.

आधी मला वाटलं माझ्याच कोडमध्ये बग आहे. मग लक्षात आलं, बग बराच जुना आहे. आजचा भाग त्या बगच्या इतिहासाचा.

सुरुवात तांत्रिक गोष्टीने करतो, सवयच आहे. एमपीथ्री फाइलमध्ये गाण्याचं नाव, गायकाचं नाव ही माहिती कोंबायची युक्ती 1996 मध्ये एरिक केम्प या प्रोग्रॅमरने काढली. फाइलच्या शेवटी 128 बाइटचं एक शेपूट जोडायचं. त्यात जॉन्रसाठी किती जागा? एक बाइट. म्हणजे एक आकडा, एकच. सोबत 80 प्रकारांची ठरलेली यादी. त्या यादीत पोल्का होतं, ॲसिड पंक होतं, पण फोक नव्हतं! ते नंतर विनॲम्पवाल्यांनी वाढवलं. आपलं भावगीत, अभंग, लावणी तर विसराच. बाबांच्या एमपीथ्री सीडींवर सगळं मराठी 'अदर'मध्ये का असायचं, हे मला तेव्हा कळलं.

पण बिचाऱ्या केम्पला दोष देऊ नका. त्याने फक्त दुकानातले खण उचलून फाइलमध्ये ठेवले. खण आधीपासून होते, आणि ते मुळात कोणी पाडले हे बघण्यासारखं आहे. 1920 मध्ये अमेरिकेत मेमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेची 'क्रेझी ब्लूज' ही रेकॉर्ड ओके नावाच्या कंपनीने काढली आणि ती धडाक्याने खपली. कंपन्यांना नवं गिऱ्हाईक सापडलं. मग त्यांनी कॅटलॉगच वेगळे केले. काळ्या लोकांसाठी 'रेस रेकॉर्ड्स', दक्षिणेतल्या गोऱ्यांसाठी 'हिलबिली'. वाजवणारे एकमेकांची गाणी सर्रास उचलत होते, पण कॅटलॉगमध्ये मधे भिंत. बिलबोर्ड मासिकाने 'रेस' हा शब्द टाकून 'रिदम अँड ब्लूज' वापरायला सुरुवात केली 1949 साली. नाव बदललं, भिंत राहिली. म्हणजे बघा, आपण ज्याला संगीताचा प्रकार म्हणतो, तो बऱ्याचदा कुणाला काय विकायचं याचा हिशोब असतो.

आता जोनीकडे येऊ. जन्म 1943, कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात. नऊ वर्षांची असताना तिला पोलिओ झाला. चालायला लागली, पण डाव्या हातात पुरेसा जोर राहिला नाही. गिटार वाजवणाऱ्याला विचारा, डाव्या हातात जोर नसेल तर नेहमीचे कॉर्ड दाबताना काय होतं ते. तिने उपाय काढला. हात बदलता येत नाही ना? मग गिटार बदलू. तारा अशा जुळवायच्या, की एका-दोन बोटांत सुंदर कॉर्ड मिळेल. अशा पन्नासहून जास्त जुळण्या तिने वापरल्या.

याचा परिणाम काय झाला? तिच्या कॉर्डमध्ये बऱ्याचदा गंधारच नसतो. आपल्या भाषेत सांगायचं, तर सा ग प ऐवजी सा रे प किंवा सा म प. शुद्ध गंधार लागला की पाश्चात्त्य कानाला आनंदी वाटतं, कोमल लागला की उदास. गंधार काढून घेतला, तर गाणं आनंदी की दुःखी हे ठरतच नाही. प्रश्न तसाच हवेत लटकतो. मला वाटतं, खणात न बसण्याची सुरुवात इथेच झाली, शरीराच्या एका अडचणीतून.

पण हातात अकूस्टिक गिटार, सोनेरी केस, एकटी गाणारी मुलगी. दुकानदाराने बघितलं आणि लावलं लेबल, फोक. 1969 च्या 'क्लाउड्स'ला ग्रॅमी मिळालं तेही फोकचंच. 1971 मध्ये 'ब्लू' आला आणि तोवर 'सिंगर-साँगरायटर' हा नवा खण तयार झाला होता. खरं तर हा काही संगीताचा प्रकार नव्हेच. गाणं कोणी लिहिलं एवढंच तो सांगतो, वाजतंय काय ते सांगत नाही.

पुढे मजा आहे. रॉक वाजवणाऱ्यांना तिचे कॉर्ड झेपेनात, तेव्हा एका ड्रमरनेच तिला सुचवलं, की तू जॅझवाले शोध. 1974 चा 'कोर्ट अँड स्पार्क' त्यातून झाला आणि बिलबोर्डवर दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. पुढच्याच वर्षी तिने बुरुंडीच्या ढोलांचं रेकॉर्डिंग घेऊन त्यावर मूग सिंथेसायझर वाजवला. 1976 चा 'हेजिरा', म्हणजे आपण ओळखतो तो हिजरत शब्द, त्यात जॅको पॅस्टोरियसचा बास जणू दुसरा गायक आहे. मग जॅझमधला मोठा माणूस, चार्ल्स मिंगस, आजारपणात व्हीलचेअरवर असताना तिच्यासाठी चाली बांधतो आणि ती शब्द लिहिते. अल्बम पूर्ण व्हायच्या आत, जानेवारी 1979 मध्ये मिंगस गेला. 'मिंगस' त्याच वर्षी आला आणि 17 व्या क्रमांकावर थांबला. पॉप ऐकणाऱ्यांना तो जॅझ वाटला, जॅझवाल्या बऱ्याच जणांना ती पाहुणी वाटली.

इथे एक अवघड गोष्ट सांगायलाच हवी. 1977 च्या 'डॉन जुआन्स रेकलेस डॉटर'च्या कव्हरवर जोनी चेहरा काळा करून, काळ्या पुरुषाच्या वेशात उभी आहे. मला ती आवडते म्हणून मी हे गाळणार नाही. मघाशी सांगितलेली भिंत आठवा. ती रंगावरून उभी राहिली होती. एका गोऱ्या बाईला ती ओलांडून जाऊन परत येता आलं, वेश म्हणून घालता आलं. मेमी स्मिथला ती सोय नव्हती. 'मी कुठल्याच खणात बसत नाही' असं म्हणता येणं हीसुद्धा कधी कधी चैन असते.

आता ग्रॅमीचा लॉग वाचतो. फोक, मग ॲरेंजमेंट, मग 'टर्ब्युलंट इंडिगो'ला पॉप, मग 'बोथ साइड्स नाऊ'ला ट्रॅडिशनल पॉप, मग पॉप इन्स्ट्रुमेंटल. 2008 मध्ये तर जॅझ पियानिस्ट हर्बी हॅनकॉकने केलेला तिच्या गाण्यांचा अल्बम सगळ्या प्रकारांना मागे टाकून अल्बम ऑफ द इयर ठरला. आणि 2015 मध्ये मेंदूतली रक्तवाहिनी फुटल्यावर जी बाई चालणं आणि गिटार नव्याने शिकली, ती 2022 मध्ये न्यूपोर्टला खुर्चीत बसून गायली. त्या रेकॉर्डिंगला 2024 मध्ये ग्रॅमी मिळालं. कशाचं? फोकचं! चोपन्न वर्षांनी फिरून त्याच खणात.

तुम्ही म्हणाल, मग काय बिघडलं? गाणी तर आहेत ना. आहेत, पण आज गाणं आपल्यापर्यंत येतं ते टॅगवरून. मी 'फोक'च्या प्लेलिस्टवर विसंबलो असतो, तर मला 'ब्लू' मिळाला असता आणि 'हेजिरा' कधीच भेटला नसता. प्रवासात रात्री एकट्याने ऐकायचा तो अल्बम आहे, आणि माझ्या एका फार वाईट वर्षात त्याने मला सांभाळलंय. एका बाइटमुळे तो हुकला असता.

तर स्क्रिप्टचं काय केलं? एक ओळ बदलली. जॉन्रऐवजी आधी माणसाच्या नावाचा फोल्डर, आत सालाप्रमाणे अल्बम. जोनी आता एकाच ठिकाणी आहे, 1968 पासून क्रमाने.

तुमच्याकडे 'अदर'मध्ये कोण पडलंय, ते एकदा उघडून बघा आणि मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, ऐकत राहा!