नीरेचा पाट आणि कन्नंबाडीची भिंत

म्हैसूरच्या पूर्वेस शिवसमुद्रम येथे कावेरी दोन फाट्यांत विभागते आणि कड्यावरून खाली झेपावते. या प्रपातावर १९०२ साली म्हैसूर संस्थानाने वीजकेंद्र सुरू केले. दिवाण के. शेषाद्री अय्यर यांनी त्याचा आग्रह धरला होता आणि संस्थानाचे अभियंते ए. जोली द लोतबिनिएर यांनी आराखडा तयार केला होता. येथली वीज सर्वप्रथम म्हैसूरच्या राजवाड्याला किंवा बंगळूरच्या रस्त्यांना मिळाली नाही. ती ३५ हजार व्होल्ट दाबाने ९२ मैल, म्हणजे सुमारे १४८ किलोमीटर दूर असलेल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींना गेली. इतक्या लांब अंतरावर वीज वाहून नेणे ही त्या काळी जगातही नवलाची गोष्ट होती. बंगळूरला दिवे लागले ते १९०५ मध्ये.

तोपर्यंत कोलारच्या खाणी वाफेच्या यंत्रांवर चालत. त्या यंत्रांना कोळसा लागे, लाकूड लागे. खोल खाणीतून पाणी उपसायचे, दगड वर ओढायचा आणि तो कुटायचा, हे सारे काम जळणावर अवलंबून होते. कावेरीच्या विजेने त्या जळणाची जागा घेतली. ‘हरित तंत्रज्ञान’ हा शब्द तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हता. खाण कंपनीला वीज स्वस्त पडत होती, संस्थानाला महसूल मिळत होता, एवढेच कारण पुरेसे होते. पुढे शंभर वर्षांनी ज्याला नवीकरणीय ऊर्जा म्हटले जाऊ लागले, तिचा भारतातला एक मोठा आरंभ असा व्यवहाराच्या वहीतून झाला.

परंतु या योजनेत एक उणीव होती. शिवसमुद्रमला पाणी साठवण्याची सोय नव्हती. नदी जितकी वाहील तितकीच वीज. खाण उन्हाळ्यात थांबत नाही, कावेरी मात्र उन्हाळ्यात रोडावते. मागणी वाढू लागली तशी ही तफावत जाचक झाली आणि वरच्या अंगाला पाणी अडवण्याचा विचार पुढे आला. नोव्हेंबर १९०९ मध्ये मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले, तेव्हा हा प्रश्न त्यांच्यापुढे आला.

विश्वेश्वरय्यांची कारकीर्द मात्र म्हैसूरमध्ये घडलेली नव्हती. पुण्याच्या सायन्स कॉलेजमधून, म्हणजे आजच्या सीओईपीतून, त्यांनी १८८३ साली अभियांत्रिकीची परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण केली आणि १८८४ पासून सुमारे पंचवीस वर्षे मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी केली. नाशिक, धुळे, सक्कर, सुरत, पुणे ही त्यांची खरी कार्यशाळा. दरवर्षी १५ सप्टेंबरला, अभियंता दिनी, यांपैकी एकाच कामाची कथा सांगितली जाते: खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे. पावसाळ्यात सांडव्यावरून काही फूट पाणी फुकट वाहून जाई. धरणाची भिंत उंच न करता सांडव्यावर त्यांनी असे दरवाजे बसवले की पाणी ठरावीक पातळीपर्यंत अडावे, त्याहून चढले की पाण्याच्याच भाराने व प्रतिवजनांच्या साहाय्याने ते उघडावेत आणि पूर ओसरताच पुन्हा मिटावेत. साठा सुमारे एक चतुर्थांशाने वाढला. त्यांनी रचनेचे पेटंट घेतले, पण तिचा मोबदला घेण्याचे नाकारले. पुढे ग्वाल्हेरजवळच्या तिघरा धरणावर व कृष्णराजसागरावरही हीच कल्पना वापरली गेली. (तिघरा धरण १९१७ साली फुटले, हे गौरवाच्या भाषणांत सहसा येत नाही.)

दरवाजे डोळ्यांना दिसतात, म्हणून लक्षात राहतात. त्याच सुमारास याच अभियंत्याने केलेले दुसरे काम कागदावरचे होते आणि ते आज जवळजवळ विस्मृतीत गेले आहे. म्हैसूर समजून घ्यायचे तर तेच आधी पाहिले पाहिजे.

१८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर इलाख्याच्या कोरड्या टापूत कालवे काढण्यात आले. नीरा डावा कालवा त्यांपैकी प्रमुख. पुरंदर, बारामती, इंदापूर या भागांतून तो वाहतो. दुष्काळात ज्वारी-बाजरीला आधार मिळावा हा त्याचा हेतू होता. प्रत्यक्षात बरा पाऊस झालेल्या वर्षी ज्वारीला पाणी घेण्यास कोणी फारसे उत्सुक नसे, आणि ज्यांची जमीन पाटाला लागून होती ते उसाला हवे तितके पाणी देत. वरच्या गावांत पाणी मुरून जमीन चिबड होई, खालच्या गावांपर्यंत पाट पोहोचत नसे, डबक्यांत डास होत. सरकारला ऊसवाल्यांकडून पाणीपट्टी मिळे, त्यामुळे खात्यालाही फारशी घाई नव्हती.

१८९९ च्या सुमारास विश्वेश्वरय्यांनी यावर ‘ब्लॉक पद्धत’ सुचवली. पाटाखालची सगळी जमीन भिजवण्याचा अट्टहास सोडायचा. प्रत्येक गावात योग्य जमिनीचा एक तुकडा, म्हणजे ब्लॉक, निवडायचा आणि त्याला काही वर्षांच्या मुदतीने पाण्याची हमी द्यायची. त्या तुकड्यातही ऊस फार तर एक तृतीयांश क्षेत्रात. उरलेल्या भागात कमी पाण्याची हंगामी पिके. दरवर्षी उसाची जागा बदलायची, म्हणजे तीन वर्षांत फेरा पूर्ण होतो आणि कोणतीही जमीन सतत ओली राहत नाही. पाणी अधिक गावांना मिळते, मातीला विसावा मिळतो. १९०१ ते १९०३ या काळात सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रीफ यांच्या अध्यक्षतेखालील भारतीय सिंचन आयोगाने या पद्धतीची अनुकूल दखल घेतली.

खानदेशातल्या वाचकाला हे वर्णन ओळखीचे वाटेल. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर शतकानुशतके चाललेली फड पद्धत याच विचारावर उभी होती. बंधाऱ्याखालची जमीन फडांत वाटलेली, एका फडात एकच पीक, पिकांची फेरपालट ठरलेली, पाणी सोडणारा पाटकरी गावाने नेमलेला, राखणीला जागल्या. विश्वेश्वरय्यांच्या नोकरीचा आरंभीचा काळ याच पांझरेच्या खोऱ्यात गेला. दातर्ती येथे नाला ओलांडून पाणी नेणारी वक्रनलिका हे त्यांचे पहिल्या कामांपैकी एक. फडावरून त्यांना ब्लॉक सुचला असे ठामपणे म्हणण्याचे कारण नाही, पण दोन्हींतले साम्य उघड आहे. फरक एवढाच की फडाचा नियम गाव पाळून घेई, तर ब्लॉकचा नियम खात्याला पाळून घ्यावा लागे.

तो पाळला गेला नाही, निदान पुरेसा नाही. १९१० साली पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे डॉ. हॅरल्ड मॅन आणि ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातील क्षारपड जमिनींवर स्वतंत्र पुस्तिकाच प्रसिद्ध केली. विश्वेश्वरय्या म्हैसूरला जाऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. १९१६ मध्ये मुंबई सरकारने सिंचनाच्या अभ्यासासाठी खास विभाग स्थापन केला. त्यातूनच खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत अनुसंधान शाळा वाढली. देशातील एका अग्रगण्य जलसंशोधन संस्थेचे मूळ असे कालव्याखालच्या शेतीच्या प्रश्नांत आहे.

म्हैसूरला त्यांनी आणले ते हे सारे अनुभवाचे गाठोडे. म्हैसूरच्या वायव्येस सुमारे २० किलोमीटरवर, कावेरी, हेमावती आणि लक्ष्मणतीर्थ यांच्या संगमाखाली, कन्नंबाडी या गावाजवळ धरणाची जागा ठरली. शिवसमुद्रमच्या यंत्रांना बारमाही पाणी आणि मंड्याच्या कोरड्या माळाला सिंचन, असे दोन हेतू एका भिंतीत गुंफलेले होते. खर्चाच्या धास्तीने दरबारात विरोध झाला. अखेर महाराजा चौथे कृष्णराज वाडियार यांनी १९११ मध्ये पहिल्या टप्प्यास मंजुरी दिली.

खालच्या अंगाला मद्रास इलाखा होता आणि तंजावरच्या भातशेतीची त्याला काळजी होती. त्याने सुमारे ११ टीएमसी साठ्यापुरतीच संमती दिली. विश्वेश्वरय्यांनी भिंत तेवढ्याच साठ्याची बांधायला घेतली, पाया मात्र पुढच्या मोठ्या धरणाला पेलेल इतका रुंद घातला. यात दूरदृष्टी होती आणि थोडा हट्टही. मद्रासला तो डाव वाटला, आणि तसे वाटणे अगदीच गैर नव्हते. प्रकरण लवादाकडे गेले, १९१४ चा निवाडा पुन्हा वादात सापडला आणि १९२४ च्या करारानंतरच पूर्ण उंचीचा मार्ग मोकळा झाला. दरम्यान खाणींना वाढीव वीज देण्याची तारीख ठरून गेली होती, १ जुलै १९१५. ती गाठण्यासाठी हजारो मजूर रात्रीही मोठ्या दिव्यांच्या उजेडात काम करीत. विश्वेश्वरय्या १९१२ ते १९१८ दिवाण होते. धरण पूर्ण होण्यास १९३० नंतरचा काळ उजाडला. आज त्याची पूर्ण पातळी १२४.८० फूट आणि साठा ४९.४५ टीएमसी, म्हणजे सुमारे १४० कोटी घनमीटर आहे.

या भिंतीचा गारा आजच्या विज्ञानवाचकाने विशेष लक्षात घ्यावा असा आहे. सिमेंट तेव्हा महाग आणि बहुतांशी परदेशी, म्हणून चुन्यात सुरखी, म्हणजे भाजलेल्या मातीची पूड, मिसळून दगड सांधले गेले. नुसता चुना पाण्याखाली नीट घट्ट होत नाही. भाजलेल्या चिकणमातीतील सिलिका व ॲल्युमिना चुन्याशी संयोग पावतात तेव्हा पाण्यातही टिकणारा बंध तयार होतो. सिमेंटचा क्लिंकर सुमारे १४५० अंश सेल्सिअसला भाजावा लागतो आणि त्यासाठी फोडलेल्या चुनखडीतून कार्बन डायऑक्साइड सुटतो. चिकणमातीला याहून बरेच कमी तापमान पुरते आणि तिच्यातून मुख्यतः पाण्याची वाफच जाते. नेमके हेच रसायन आता नव्या रूपात परतले आहे. स्वित्झर्लंडमधील लोझानची तंत्रसंस्था, आयआयटी दिल्ली, आयआयटी मद्रास आदींनी विकसित केलेल्या ‘एलसी-३’ सिमेंटमध्ये जवळजवळ अर्ध्या क्लिंकरची जागा भाजलेली चिकणमाती आणि चुनखडीची पूड घेते. त्यामुळे कार्बन उत्सर्जन साधारण ३० ते ४० टक्क्यांनी घटते. भारतीय मानक ब्युरोने २०२३ मध्ये या प्रकारच्या सिमेंटचे मानक प्रसिद्ध केले. कन्नंबाडीच्या गवंड्यांना कार्बनचा हिशेब ठाऊक नव्हता. त्यांना सुरखी ठाऊक होती.

धरणाने घेतलेली किंमतही याच हिशेबात येते. मूळ कन्नंबाडी गाव पाण्याखाली गेले. तिथले होयसळकालीन वेणुगोपाळस्वामी मंदिर कोरड्या वर्षी पाणी ओसरले की दिसू लागे. अलीकडे त्याचे दगड हलवून ते जलाशयाच्या काठावर पुन्हा उभारण्यात आले. उठलेल्या माणसांचे इतके नीट पुनर्वसन झाल्याची कथा मात्र कोणी सांगत नाही. लोक आजही धरणाला ‘कन्नंबाडी कट्टे’ म्हणतात, राजाचे नाव कागदावर राहते.

धरणाच्या डाव्या बाजूने निघालेला आयर्विन कालवा, आजचा विश्वेश्वरय्या कालवा, १९३० च्या दशकात मंड्याच्या माळावर पोहोचला. त्याच्या नियोजनात नीरेचाच धडा होता: एक तृतीयांश ऊस, एक तृतीयांश भात, उरलेले कोरडवाहू पीक, आणि तिन्हींची फेरपालट. १९३३ मध्ये मंड्याला संस्थानाच्या पुढाकाराने साखर कारखाना उभा राहिला. पाण्यामागोमाग हिवतापही आला आणि संस्थानाला कालव्याच्या पट्ट्यात त्याविरुद्ध मोहीम काढावी लागली. ओल्या शेतांचा आणि डासांचा संबंध नीरेच्या काठी आधीच लक्षात आला होता. हळूहळू फेरपालटही सैल झाली. भात आणि ऊस पसरले, कोरडवाहू पीक मागे हटले. शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. पण उसाला ठरलेला गिऱ्हाईक आहे, रागीला नाही, आणि अशा बाजारापुढे अभियंत्याचा तक्ता एकटा टिकत नाही. बारामतीत जे झाले ते मंड्यात झाले, सांगली-कोल्हापूरच्या क्षारपड शिवारांत आजही दिसते.

कावेरीचा वाद लवादापुढे १९९० मध्ये पुन्हा उभा राहिला. लवादाचा अंतिम निवाडा २००७ साली आला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात १६ फेब्रुवारी २०१८ रोजी फेरबदल केले. खोऱ्यातील ७४० टीएमसी पाण्यापैकी तामिळनाडूला ४०४.२५, कर्नाटकाला २८४.७५, केरळला ३० आणि पुदुच्चेरीला ७ टीएमसी मिळाले. ४ टीएमसी समुद्रात अटळपणे जाणारे धरले गेले. स्वतः नदीसाठी, तिच्या पर्यावरणासाठी राखलेले पाणी १० टीएमसी आहे. १९११ च्या योजनेत, १९१४ च्या निवाड्यात किंवा १९२४ च्या करारात असा रकाना नव्हता.