विमान नसलेली विमान कंपनी

वाईच्या घाटांवर, मेणवलीच्या वाड्यावर आणि विश्वकोशावर लिहिणारे या स्मरणिकेत पुष्कळ असतील. मी एका विमान कंपनीचा इतिहास लिहिते आहे. तिच्याकडे एकही विमान नव्हतं, एकही प्रवासी नव्हता, आणि ती सुरू करणाऱ्या पाच जणांपैकी दोघं आपल्या बॅचची होती. एक मी. दुसरा तो, ज्याचे वडील टपाल खात्यात होते. ‘नाव छापलंस तर संमेलनाला येणार नाही’ असं त्याने बजावलं आहे, पण ओळखणारे ओळखतीलच.

अशा कंपनीला व्हर्च्युअल एअरलाइन म्हणतात. कॉम्प्युटरवर फ्लाइट सिम्युलेटर चालवणारा एकटा माणूस महिन्याभरात कंटाळतो. कुठूनही उडा, कुठेही आपटा, विचारणारं कोणी नाही. म्हणून हौशी लोक एकत्र येऊन खऱ्यासारखी कंपनी काढतात. वेळापत्रक असतं, प्रत्येक वैमानिकाला नंबर असतो. उड्डाण संपलं की निघाल्या-पोहोचल्याची वेळ आणि इंधन लिहून अहवाल द्यायचा. तास साठले की बढती. पगार अर्थातच नाही. 2001 साली सुरू झालेल्या व्हॅटसिमसारख्या नेटवर्कवर जगभरचे स्वयंसेवक कंट्रोलर होऊन बसतात आणि तुम्हाला उतरायची परवानगी देतात किंवा ताटकळत ठेवतात.

आमच्या घरी याला ‘चाळिशीतला भातुकलीचा खेळ’ म्हणतात. पण सिम्युलेटरचं मूळ पाहिलं तर ते फारसं खेळकर नाही. अमेरिकेत एडविन लिंक नावाचा माणूस होता, ऑर्गन बनवणाऱ्या कारखानदाराचा मुलगा. त्याने 1929 च्या सुमारास ऑर्गनच्या भात्यांवर डुलणारी एक पेटी बनवली. तिच्यात बसून विमान शिकायचं. सुरुवातीला ती विकत घेतली करमणुकीच्या बागांनी. मग 1934 मध्ये तिथल्या सैन्याकडे हवाई टपालाचं काम आलं. रात्री, धुक्यात, फक्त समोरच्या यंत्रांकडे बघून उडायची सवय नसलेले वैमानिक काही आठवड्यांत एकामागून एक मेले. तेव्हा कुठे सैन्याने लिंकच्या पेट्या मागवल्या. सिम्युलेटरला प्रतिष्ठा मिळाली ती टपालाच्या पिशव्यांमुळे.

हे मला 2005 साली ठाऊक नव्हतं. पुण्यात नोकरी होती, इंजिनिअरिंगच्या वेळचे दोन मित्र होते, त्यांच्यातला एक नागपूरचा. एअर डेक्कन सुरू होऊन दोन वर्षं झाली होती, किंगफिशर त्याच वर्षी आली, त्यामुळे सगळ्यांना नवीकोरी एअरबस उडवायची होती. आपल्या वर्गमित्राने मात्र हट्ट धरला, की आपण टपाल न्यायचं. मायक्रोसॉफ्टच्या 2003 च्या सिम्युलेटरमध्ये उड्डाणाच्या शताब्दीनिमित्त जुनी विमानं दिली होती, त्यात डाकोटाही होतं. आणि त्याने लहानपणापासून वडिलांकडून नागपूरच्या रात्रीच्या विमानांची गोष्ट ऐकली होती.

ती गोष्ट अशी. 30 जानेवारी 1949 रोजी भारतात रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून संध्याकाळनंतर एकेक विमान निघायचं आणि चारही मध्यरात्रीच्या सुमाराला नागपूरला जमायची. तिथे पिशव्यांची अदलाबदल, प्रवाशांचीही. मग जो तो आपल्या गावी परत, उजाडायच्या आत-बाहेर. त्याच वर्षी साध्या पत्रांनाही जादा आकार न घेता विमानाने नेण्याची पद्धत सुरू झाली. म्हणजे वाईच्या पेटीत पडलेलं कलकत्त्याचं पत्र मुंबईला पोहोचलं की डाकोटात बसून नागपूरला विमान बदलू शके. संगणकाच्या जाळ्यात माहितीची पाकिटं एका मध्यवर्ती ठिकाणी येऊन वाट बदलतात, ते मला कॉलेजात चार तास फळ्यावर शिकवलं होतं. नागपूरच्या धावपट्टीवर ते कंदिलासारखं लख्ख दिसतं.

आम्ही दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ही सेवा चालवायला लागलो. नियम दोनच होते. जीपीएस बंद, आणि चारही विमानं उतरल्याशिवाय नागपूरहून कोणी हलायचं नाही. वेळा अंतरावरून मीच काढल्या. कलकत्ता सर्वांत लांब, साडेनऊशे किलोमीटरहून जास्त. डाकोटाला साडेतीन तास लागतात, म्हणून तो सव्वाआठला निघणार. मुंबईवाला तासाभराने निघाला तरी चालेल. वेळापत्रक, अहवाल, तासांची बेरीज यांची वेबसाइट मी पीएचपीत लिहिली. ऑफिसातल्या कामापेक्षा ती नीट होती, हे आता सांगायला हरकत नाही.

ते दिवस भारनियमनाचे. एका शनिवारी मद्रासचं विमान सातारा जिल्ह्यातल्या एका घरातून उडत होतं आणि वीज गेली. बाकी तिघं नागपुरात इंजिनं बंद करून चाळीस मिनिटं थांबले. पिशव्यांत काही नव्हतं. पिशव्याच नव्हत्या. तरी कोणी निघालं नाही.

एका महिन्यात काका, म्हणजे वर्गमित्राचे वडील, मागे खुर्ची टाकून बसले. तेव्हा ते निवृत्त झालेले. त्यांनी रेडिओवरचं इंग्रजी ऐकलं, काटे बघितले आणि विचारलं, ‘उशीर झाला तर लिहिता कुठे?’ मी वेबसाइट दाखवली. ‘हे नंतर बदलता येतं?’ येतं, म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या महिन्यात लांब रजिस्टर घेऊन आले. रकाने हाताने आखलेले: विमान, निघाले, पोहोचले, उशीर, कारण. खाडाखोड नाही, चुकलं तर एक रेघ मारून शेजारी सही. ‘कारण’ या रकान्यात त्या रात्रीपुढे फक्त ‘वीज’ लिहिलंय.

दुसरा मार्ग आम्ही काढला तो 1932 चा. 15 ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटांनी पस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं. तिथून नेव्हिल विन्सेंट ते घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासकडे निघाले. एअर इंडियाची सुरुवात ती. नकाशावर जुहू आणि बेल्लारी यांच्यामध्ये पट्टी ठेवा. रेघ भोरवरून जाते आणि पुढे आपल्या खंबाटकी घाटाच्या आसपास. विन्सेंट नेमके कुठून गेले असतील ते असो, सरळ गेले असले तर वाई त्यांच्या उजव्या हाताला, दहाएक किलोमीटरवर. टाटांनी ते उड्डाण 1982 मध्ये, वयाच्या 78 व्या वर्षी, पुन्हा करून दाखवलं. तेव्हा आम्हा भातुकलीवाल्यांना नावं ठेवणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

कंपनी सर्वांत भरात होती तेव्हा 23 वैमानिक होते. 2009 च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टने सिम्युलेटर बनवणारा स्टुडिओच बंद केला. कोणी अमेरिकेला गेलं, कोणाला मुलं झाली. वेबसाइटला फुकट जागा देणारी सेवा एक दिवस गुंडाळली गेली आणि तिच्याबरोबर सगळे अहवाल गेले. 2020 साली नवा सिम्युलेटर आला, त्यात धोम धरणाचं पाणी आणि पाचगणीचं टेबललँड उपग्रहाच्या चित्रांवरून दिसतं. 15 ऑक्टोबर 2022 ला आम्ही तिघांनी जुहू-बेल्लारी पुन्हा उडवलं. एअर इंडिया त्याच जानेवारीत टाटांकडे परतली होती.

काका आता नाहीत. रजिस्टर आहे. 41 शनिवार, प्रत्येकी चार ओळी, आणि शेवटच्या पानावर 2022 ची ओळ त्यांच्या मुलाच्या अक्षरात. संमेलनाच्या दिवशी जुन्या फोटोंच्या टेबलावर ते ठेवणार आहोत. शाई कडेला फुटली आहे, तेव्हा हात कोरडे करून पानं उलटा.