हरवलेली किल्ली : गुप्तलेखनाच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण

१/ नोव्हेंबर २०२५. गुप्तलेखनशास्त्राच्या संशोधकांची आंतरराष्ट्रीय संघटना 'आयएसीआर' हिला स्वतःच्याच निवडणुकीचा निकाल जाहीर करता आला नाही. मतदान सुरळीत पार पडले होते, मते सुरक्षित होती. पण ती उलगडण्यासाठी तीन विश्वस्तांच्या तीन किल्ल्या लागणार होत्या आणि त्यांपैकी एकाची किल्ली कायमची हरवली होती. निवडणूक पुन्हा घ्यावी लागली. #इतिहास #धागा

२/ जगातील उत्तमोत्तम कुलपे घडवणाऱ्यांवरच ही वेळ का आली? गेल्या पन्नास वर्षांत गुपित राखण्याचे गणित बऱ्याच अंशी सुटले. परंतु समोरची किल्ली नेमकी कोणाची, आणि स्वतःची किल्ली कशी जपावी, हे दोन प्रश्न माणसांच्याच हाती राहिले. त्या दोन प्रश्नांचा हा इतिहास.

३/ पूर्वी गुप्त संदेश बंद करण्याची आणि उघडण्याची किल्ली एकच असे. ती दुसऱ्यापर्यंत पोहोचवणे हीच मोठी जोखीम. १९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी नवी दिशा दाखवली : प्रत्येकाजवळ किल्ल्यांची जोडी असावी. सार्वजनिक किल्ली जगाला द्यावी, तिने कोणीही संदेश बंद करावा. तो उघडेल केवळ खासगी किल्लीने. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी हे प्रत्यक्षात उतरवणारी 'आरएसए' पद्धत शोधली.

४/ लगेच नवा प्रश्न उभा राहिला. 'ही माझी किल्ली' असे कोणीही म्हणेल. विश्वास कसा ठेवावा? डिफी-हेलमन यांच्या मनात टेलिफोनच्या यादीसारखी सार्वजनिक नोंदवही होती. १९७८ मध्ये एमआयटीतील विद्यार्थी लोरेन कोनफेल्डर याने आपल्या प्रबंधात दाखल्याची कल्पना मांडली : एका विश्वासू अधिकाऱ्याने किल्ली आणि नाव एकत्र नोंदवून त्यावर सही करावी. पण त्या अधिकाऱ्यावरच विश्वास नसेल तर?

५/ ही शंका फिल झिमरमन या अमेरिकी संगणकतज्ज्ञाला होती. अण्वस्त्रविरोधी चळवळीतील हा कार्यकर्ता. जून १९९१ मध्ये त्याने 'पीजीपी' हा कार्यक्रम विनामूल्य खुला केला आणि तो पाहता पाहता देशाबाहेर पसरला. अमेरिकी कायद्याने अशा तंत्राची गणना शस्त्रांत होत असल्याने १९९३ मध्ये झिमरमनची फौजदारी चौकशी सुरू झाली. आरोपपत्र दाखल न होता ती जानेवारी १९९६ मध्ये थांबली.

६/ १९९२ च्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर झिमरमनने 'विश्वासाचे जाळे' ही कल्पना मांडली. मध्यवर्ती कचेरी नको. ओळखीच्या माणसाच्या किल्लीवर मी सही करावी, माझ्या किल्लीवर त्याने. अशा सह्यांतून अनोळखी माणसांनाही जोडणारे जाळे विणले जाईल. किल्लीवर शिक्कामोर्तब करण्याचा अधिकार राज्यसंस्थेकडून मित्रमंडळाकडे आला.

७/ यात एक सूक्ष्म भेद होता. किल्ली खरोखर त्या व्यक्तीची असणे वेगळे, आणि ती व्यक्ती इतरांच्या किल्ल्या नीट पारखून सही करते, असा भरवसा असणे वेगळे. १९९९ मध्ये वेर्नर कॉख यांनी आणलेल्या 'जीएनयूपीजी' या मुक्त कार्यक्रमाचा प्रचलित नियम पाहा : पूर्ण भरवशाच्या एका व्यक्तीची सही, अथवा अंशतः भरवशाच्या तिघांच्या सह्या, तरच किल्ली खरी मानावी.

८/ सह्यांसाठी मेळावे भरू लागले. लोक पारपत्र आणि आपल्या किल्लीचा 'ठसा', म्हणजे ती ओळखण्याची अक्षरमालिका, छापून घेऊन येत. एकमेकांची ओळख पटवत. घरी जाऊन सह्या करत. 'डेबियन' या मुक्त संगणकप्रणालीचे जगभर विखुरलेले विकासक आजही अशाच सह्यांनी बांधलेले आहेत.

९/ आता दुसरा प्रश्न. परवलीचा शब्द विसरलात तर बँक नवा देते, कारण ती तुम्हाला अन्य मार्गांनीही ओळखते. या जाळ्यात तशी कचेरीच नव्हती. स्वातंत्र्याची ही किंमत : खासगी किल्ली गेली की तिने उघडणारी सारी पत्रे गेली, आणि तिच्या जोडीवर वर्षानुवर्षे जमलेल्या सह्याही निरुपयोगी.

१०/ शिवाय हरवलेली किल्ली मरत नसे. सार्वजनिक किल्ल्या साठवणारे सर्व्हर एकदा आलेली नोंद पुसत नसत. कोणत्याही सरकारला दबाव आणून किल्ली नाहीशी करता येऊ नये, हा त्यामागचा हेतू. परिणाम मात्र असा, की मालकालाही उघडता न येणारी पत्रे त्या भुताटकीच्या किल्लीने बंद होऊन येतच राहत. २०१९ मध्ये कोणीतरी याच गुणाचा गैरफायदा घेतला. काही व्यक्तींच्या किल्ल्यांवर सुमारे दीड लाख बनावट सह्या लादल्या गेल्या. त्या पुसता येईनात, आणि त्या भाराखाली कार्यक्रमच कोलमडू लागले.

११/ किल्ली बाद झाल्याचे जगाला कळवण्यासाठी 'रद्द-दाखला' असतो. पण तो बनवायला खासगी किल्लीच लागते! म्हणून तो किल्लीच्या जन्मदिवशीच बनवून वेगळा ठेवणे शहाणपणाचे. बहुतेकांना हे उशिरा सुचे. अखेर २०१४ च्या जीएनयूपीजी २.१ पासून तो किल्लीबरोबर आपोआप बनू लागला. चुकून वापरला जाऊ नये म्हणून त्याच्या आरंभी एक अपूर्णविराम घातलेला असतो. तो हाताने खोडल्याशिवाय दाखला लागू होत नाही.

१२/ प्रतीचे काय? एकच प्रत ठेवली तर आग, पाणी वा बिघडलेली डिस्क तिला संपवते. दहा प्रती ठेवल्या तर चोराला दहा दारे मिळतात. कागद चिप-डिस्कपेक्षा दीर्घायुषी, म्हणून खासगी किल्लीचा गुप्त भाग तेवढा छापून देणारा 'पेपरकी' हा कार्यक्रम निघाला. पण कागदही शेवटी कुठल्यातरी एकाच कपाटात राहतो.

१३/ या पेचाचे सुंदर उत्तर १९७९ मध्येच मिळाले होते. आरएसएमधील त्याच आदि शमीर यांच्याकडून. त्यांनी एक कोडे उद्धृत केले : अकरा शास्त्रज्ञांपैकी कोणतेही सहा जमले तरच कपाट उघडावे. साध्या कुलपांनी हे साधायचे तर ४६२ कुलपे लागतात आणि प्रत्येकाला २५२ किल्ल्या बाळगाव्या लागतात.

१४/ शमीर यांची युक्ती शाळेतल्या भूमितीची. कागदावर एक तिरकी रेषा काढा. ती उभ्या अक्षाला जिथे छेदते, तो आकडा म्हणजे गुपित. रेषेवरचे तीन बिंदू तिघांना वाटा. कोणतेही दोघे एकत्र आले की रेषा ठरते आणि गुपित सापडते. एकट्याच्या बिंदूतून मात्र असंख्य रेषा जातात. त्याला काहीच कळत नाही. अधिक माणसे हवी असतील तर रेषेऐवजी वक्र घ्यावा.

१५/ २०१० मध्ये इंटरनेटवरील नावांच्या मूळ यादीवर डिजिटल सही होऊ लागली, तेव्हा त्या सहीच्या किल्लीच्या राखीव प्रतीसाठी हेच तत्त्व वापरले गेले. ती प्रत उघडण्याचे अधिकार निरनिराळ्या देशांतील सात व्यक्तींत विभागले गेले. कोणतेही पाच जण पुरेत : दोघे मेले, फितले वा पोहोचू शकले नाहीत, तरी व्यवहार अडत नाही.

१६/ आता आयएसीआरची चूक नेमकी दिसते. तिथे तिन्ही किल्ल्या अनिवार्य होत्या. मतांच्या गोपनीयतेसाठी ही सर्वांत कडक व्यवस्था होती, कारण दोघांनी संगनमत केले तरी काही साधले नसते. पण तीत विसराळूपणाला जागा ठेवलेली नव्हती. शमीर यांचा शोध या मंडळींना तोंडपाठ, तरीही! फेरनिवडणुकीसाठी त्यांनी नियम बदलला : तिघांपैकी कोणतेही दोन पुरेत.

१७/ झिमरमनने राज्यसंस्थेपासून संरक्षण शोधले आणि विश्वास मित्रांच्या सह्यांवर सोपवला. पण किल्ली जपण्याचा भार प्रत्येकावर एकट्यावरच राहिला. ओळख पटवायला जशी चार माणसे लागतात, तशीच किल्ली जपायलाही लागतात, हे ध्यानात यायला फार काळ गेला. आज कोणी नवी किल्ली बनवत असाल तर त्याच दिवशी दोन गोष्टी ठरवा : रद्द-दाखला कुठे राहील, आणि आपण नसताना ती प्रत कोणते दोघे मिळून उघडतील.