राजूरचा उपवास आणि जठरातील तळ

भोकरदन तालुक्यातील मौजे राजूर येथे उंचवट्यावर वसलेल्या गणपतीच्या दर्शनास अंगारकी चतुर्थीला जालन्याहून रातोरात पायी येणाऱ्यांची जी रीघ लागते, तिच्यातील बहुतेकांना चंद्रोदयापर्यंत उपवास असतो. आणि मग ज्याच्या छातीत जळजळ होते, ज्याला आंबट ढेकर येतात, त्याला घरची वडील मंडळी ‘उपवासानं पित्त उठलं’ एवढेच सांगून थंड दूध पुढे करतात. निजामाचा अंमल १९४८ साली संपला, १९८१ साली जालन्याचा स्वतंत्र जिल्हा झाला, उर्दू दप्तरांच्या जागी मराठी दप्तरे आली, तरी या दुखण्याचा ठपका उपवासावरचा काही हलला नाही. तो अन्यायाचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या जुन्या वैद्यकाने या व्याधीची उपेक्षा केली, असे मुळीच नाही. अम्लपित्त निराळे आणि अन्न पचताना उठणारा परिणामशूल निराळा, हा विवेक माधवनिदानात केलेला आहे. पाश्चात्त्य वैद्यकाने मात्र विसाव्या शतकाचा मोठा भाग जठरातील व्रणासाठी आम्लाधिक्य आणि मनस्ताप यांनाच दोषी धरण्यात घालविला, जठराचा भाग कापून काढण्यापर्यंत मजल गेली. कारण इतक्या तीव्र आम्लात जंतू तग धरूच शकणार नाही, अशी सार्वत्रिक समजूत होती. वास्तविक इटलीच्या बिझोझेरो यांनी १८९३ साली कुत्र्याच्या जठरात मळसूत्री जंतू पाहिले होते. पण समजुतीपुढे साक्षीचे काही चालले नाही.

१९७९ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन यांनी रुग्णाच्या जठरातून काढलेला अस्तराचा कण सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा श्लेष्म्याच्या थराला चिकटलेले वाकडे जंतू आणि त्यांच्याच खाली, अस्तराच्या पेशींच्या फटींत शिरलेल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी, अशी दोन्ही दृश्ये त्यांना एकत्र दिसली. जिथे जंतू तिथे दाह, हा संबंध त्यांनी सोडला नाही. त्यांचे तरुण सहकारी बॅरी मार्शल यांनी १९८४ साली जंतूंचा द्रव स्वतः प्राशन केला, काही दिवसांत त्यांना वांत्या सुरू झाल्या, आणि तपासणीत त्यांच्या जठराला सूज आढळली. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हेलिकोबॅक्टर पायलोरी हा तो जंतू युरियापासून अमोनिया तयार करून स्वतःभोवतीचे आम्ल मारतो आणि श्लेष्म्यात दडून राहतो. त्याचा उपद्रव जाणवताच अस्तराच्या पेशी इंटरल्युकिन-८ हा रासायनिक सांगावा धाडतात. न्यूट्रोफिल धावून येतात, मागोमाग भक्षकपेशी आणि टी-पेशी येतात, बी-पेशी प्रतिपिंडे घडवितात, आणि निरोगी जठरात ज्यांचा मागमूसही नसतो अशा लसिकाग्रंथींसारख्या गाठी तिथे वसतात. दख्खनच्या इतिहासात शत्रू हाती न लागता वर्षानुवर्षे तळ ठोकून बसलेल्या फौजेने रयतेचेच शेत तुडवावे, तसेच येथे घडते: जंतू बहुधा आयुष्यभर टिकतो आणि अस्तर झिजते ते बव्हंशी आपल्याच पेशींच्या माऱ्याने. हा मारा आवरणाऱ्या नियामक टी-पेशीही शरीर तैनात करते. त्यांच्यामुळे नासधूस कमी होते, परंतु जंतूलाही आश्रय मिळतो.

हा सहवास फार जुना आहे. आल्प्सच्या बर्फात १९९१ साली सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या एट्झी या मानवाच्या जठरातील याच जंतूची जनुके तपासली, तेव्हा त्याचे निकटचे नाते आज मुख्यतः मध्य व दक्षिण आशियात आढळणाऱ्या वाणाशी निघाले. आपल्याकडे हा संसर्ग बहुधा बालपणीच, घरातल्या घरात, दाटीच्या वस्तीतून आणि अपुऱ्या स्वच्छतेतून होतो. बहुतेकांना तो कधी जाणवतही नाही. ज्यांना व्रण होतो, त्यांच्या व्रणाची आग अनेकदा रिकाम्या पोटी भडकते, म्हणून चतुर्थीचा उपवास बदनाम झाला. व्रणाची मुख्य कारणे मात्र हा जंतू आणि वेदनाशामक गोळ्या हीच आहेत.

आम्लशामक औषधासह दोन वा अधिक प्रतिजैविके साधारण चौदा दिवस घेतली, की जंतू बहुधा हटतो. न्यूट्रोफिल काही आठवड्यांत माघारी जातात, इतर पेशींचा तळ उठायला मात्र वर्षही लागते. पण मेट्रोनिडाझोल या प्रतिजैविकाला न जुमानणारे जंतू भारतात आता फार आढळतात. म्हणून जळजळ थांबली की उरलेल्या गोळ्या फडताळात ठेवून देण्याची जी सवय आपल्या घरांत आहे, तिची मला उपवासापेक्षा कितीतरी अधिक धास्ती वाटते.