दोन अक्षरं गळण्याआधीचे आठ तास

पेशी पावाच्या यीस्टची. ती आणि घड्याळातल्या वेळा मी सोयीसाठी कल्पिल्या आहेत. घडणाऱ्या पायऱ्या मात्र प्रयोगशाळेत तपासलेल्या आहेत.

आठ तास बाकी

द्रावणात गॅलॅक्टोज पडतं. या पेशीतलं कॅन1 जनुक एरवी बेतानंच वाचलं जातं. त्याचं प्रथिन पेशीच्या पटलात बसून बाहेरचं आर्जिनिन आत घेतं, एवढंच त्याचं काम. पण संशोधकांनी त्याच्यापुढे गॅलॅक्टोज मिळताच चालू होणारा प्रवर्तक बसवलाय. तिथे गॅल4 नावाचं प्रथिन आधीपासून ठाण मांडून आहे आणि गॅल80 नं त्याला दाबून धरलंय. गॅलॅक्टोज आत येतं, गॅल3 त्या गॅल80 ला बाजूला घेतं आणि काही मिनिटांतच प्रतिलेखन, म्हणजे जनुकाचं वाचन, जोरात सुरू होतं.

साडेसात तास

आरएनए पॉलिमरेज एकामागून एक जनुकावर चढतात. कॅन1 ची लांबी 1,773 अक्षरं. एका फेरीला मिनिटभर, फार तर थोडं जास्त. डीएनएच्या दर साडेदहा अक्षरांमागे एक वेढा असतो, म्हणजे एका फेरीत जवळपास 170 वेढे उलगडायचे. पॉलिमरेजच्या मागे आरएनएची लांब शेपटी लोंबत असते, त्यामुळे त्याला डीएनएभोवती गरगर फिरता येत नाही. मग फिरावं लागतं डीएनएलाच. दुपेडी सुतळीची टोकं बांधून मध्ये बोट घालून पुढे सरकवा: पुढे पीळ आवळत जातो, मागे सैल पडतो. लेरॉय लिऊ आणि जेम्स वँग यांनी 1987 साली हेच चित्र मांडलं.

हा पीळ सोडवायला टोपोआयसोमरेज-1 धावतं. ते एकच पेड कापतं, कापलेलं टोक आपल्या टायरोसिनला चिकटवून धरतं, पीळ सुटू देतं आणि टोक पुन्हा सांधतं. पीळ साठत गेला तर वाचन अडखळतं, म्हणून तो सोडवणाऱ्या या विकराकडे संशयानं पाहायचं कुणाला सुचत नाही.

पाच तास

पॉलिमरेजच्या मागे सैल झालेल्या भागात ताजा आरएनए कधीकधी डीएनएच्या एका पेडाला चिकटून बसतो आणि दुसरा पेड उघडा पडतो. उघड्या पेडावरचं सायटोसिन सहज बिघडून युरॅसिल होतं. पण जास्त वाचल्या जाणाऱ्या जनुकातलं पुष्कळसं युरॅसिल अशा बिघाडातून येतच नाही. डीएनए बनतानाच ते थायमिनच्या जागी घातलं जातं, हे नायुन किम आणि सू जिंक्स-रॉबर्टसन यांनी 2009 साली दाखवलं. मुळात जनुक जोरात वाचलं की यीस्टमध्ये उत्परिवर्तनाचा दर वाढतो, हे अभिजित दत्ता आणि जिंक्स-रॉबर्टसन यांनी 1995 मध्येच दाखवलं होतं.

आपल्या पेशीतलं युरॅसिल दुरुस्ती-यंत्रणा काढून टाकते. यावेळी थोडक्यात निभावतं.

तीन तास

डीएनएची नक्कल सुरू होते. सुमारे सव्वा कोटी अक्षरांच्या या मजकुरात डीएनए पॉलिमरेज चुकून आरएनएची अक्षरं घालत जातात; प्रत्येक नकलेत दहा हजारांहून जास्त. या अक्षराच्या साखरेवर एक जादा हायड्रॉक्सिल गट असतो. आरएनेज एच2 हे विकर अशी अक्षरं शोधून उपटतं. कॅन1 मधलं एक सुटतं, आणि तेही नेमकं तीच दोन अक्षरं लागोपाठ पुन्हा आलेल्या जागी.

वीस मिनिटं

पीळ सोडवायला आलेलं टोपोआयसोमरेज नेमकं त्या अक्षरापाशी कापतं. शेजारचा जादा हायड्रॉक्सिल गट विकराशी असलेल्या बंधावरच हल्ला करतो. विकर सुटून जातं, मागे फॉस्फेटचं वर्तुळ होऊन बंद झालेलं टोक उरतं. ते आता सांधता येत नाही.

अठरा मिनिटं

दुसरं टोपोआयसोमरेज दोन अक्षरं अलीकडे कापतं. तेवढा तुकडा निसटून वाहून जातो. खरं तर इथे खिंडार पडायला हवं. पण मजकूर पुनरावृत्तीचा, त्यामुळे पेड सरकून पुढच्या जोडीशी जुळतो, समोरच्या पेडावरची दोन अक्षरं फुगवटा होऊन बाहेर येतात आणि टोकं एकमेकांना भिडतात. टोपोआयसोमरेज इमानेइतबारे सांधा जोडतं.

शून्य

पुन्हा नक्कल. एका पेडावरून पूर्ण जनुक उतरतं, दुसऱ्यावरून दोन अक्षरं कमी असलेलं. प्रथिन तीन-तीन अक्षरांनी वाचलं जातं. त्यामुळे तिथून पुढचा सगळा मजकूर अर्थहीन.

नंतर

जुनी कॅन1 प्रथिनं पटलात अजून आहेत. पुढच्या विभाजनांत ती विरळ होत जातात. मग पेशी कॅनाव्हनिनच्या ताटलीवर पसरतात. अबईच्या कुळातल्या बियांत सापडणारं हे विष आर्जिनिनसारखं दिसतं आणि कॅन1 च्याच दारानं आत शिरतं. दार शाबूत असलेल्या पेशी मरतात. मोडक्या दाराच्या जगतात, वसाहती करतात आणि मोजता येतात.

जिंक्स-रॉबर्टसन यांच्या गटानं 2011 मध्ये अशा वसाहतींचा डीएनए वाचला. जोरात वाचल्या गेलेल्या कॅन1 मधली जवळपास निम्मी उत्परिवर्तनं दोन ते पाच अक्षरं गळाल्याची होती, आणि त्यांची ठिकाणंही ठरावीक, पुनरावृत्तीचीच. मग टोपोआयसोमरेज-1 चं जनुकच काढून टाकलेल्या यीस्टवर तोच प्रयोग झाला. बाकीची उत्परिवर्तनं तिथेही मिळाली. ही छोटी गळती मात्र पार नाहीशी झाली.