कुंभार्ली घाटाआधीचे सहा तास

हा कुणा एका गाडीचा अहवाल नव्हे. ट्रॉली ओढणाऱ्या पिकअपचा प्रोपेलर शाफ्ट ज्या क्रमाने दगा देतो, तो क्रम सांगली-चिपळूण रस्त्यावर मांडला आहे. मागे दोन चाकी ट्रॉली, तीवर जनरेटर, मिळून वजन दीड टन. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नाहीत.

पहाटे ५.३०, सांगली. उरले सहा तास.
ट्रॉली हुकाला लावायला ड्रायव्हर गाडी मागे घेतो, मग पहिला गिअर टाकतो. दर वेळी खालून ‘टक्’ होतं. ‘जुनी गाडी, वाजणारच’ म्हणत तो निघतो. वाजतोय मागचा यूजे क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या मागच्या युनिव्हर्सल जॉइंटमधला क्रॉस. त्याच्या चार टोकांवर चार कप असतात आणि कपांत बारीक सुई-रोलर. ग्रीस संपलं, पाणी शिरलं की रोलर गंजतात आणि टोकांवर चरे पडतात. कपाभोवती तांबडी भुकटी जमलेली आहे, पण ती बघायला खाली वाकायला हवं. आत्ता क्रॉस बदलला तर विषय इथेच संपतो.

सकाळी ६.४५, पेठ नाका. उरले पावणेपाच तास.
गर्दीत गाडी सावकाश चालताना शाफ्टच्या लयीत चीं-चीं ऐकू येते. हायवेला वेग वाढतो आणि आवाज वाऱ्यात बुडतो. “गेला की आवाज, अण्णा,” क्लीनर म्हणतो. आवाज बुडाला, बिघाड तिथेच आहे.

७.३०, कराडच्या अलीकडे. उरले चार तास.
साठच्या पुढे सीट थरथरते, स्टिअरिंग मात्र स्थिर आहे. स्टिअरिंग थरथरलं तर संशय आधी पुढच्या चाकांवर घ्यावा. सीट आणि फ्लोअर थरथरले तर शाफ्ट किंवा मागच्या ॲक्सलवर. खात्रीसाठी तोच वेग ठेवून गिअर बदलावा. इंजिनचे फेरे बदलूनही थरथर तशीच राहिली, तर इंजिन-क्लच संशयातून सुटले.

८.१५, कराड. उरले सव्वातीन तास.
गॅरेजात शाफ्टच्या सेंटर बेअरिंगचं रबर फाटलेलं सापडतं. मेस्त्री ते बदलतो, पण सापडलेल्या एका दोषावर समाधान मानतो. मागचा क्रॉस कुणी हलवूनही बघत नाही. त्यात शाफ्ट सोडताना खूण केली नव्हती, आणि जोडताना तो एक दाता सरकून बसला. कोनात फिरणारा क्रॉस शाफ्टला एकसारखा वेग देत नाही. ही कसर दुसरा क्रॉस भरून काढतो, पण दोन्ही टोकांना क्रॉस धरणारे योक एका रेषेत असतील तरच.

१०.००, पाटण. उरला दीड तास.
थरथर वाढली आहे. अशा ट्रॉलीच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हुकावर येतो, म्हणजे इथे दीडशे ते सव्वादोनशे किलो. पाटे दबले, जॉइंटचा कोन बदलला, आणि झिजलेल्या क्रॉसवर ताण वाढला.

१०.४५, कोयनानगर. उरला पाऊण तास.
आता ‘टक्’चा ‘धाड्’ झाला आहे. “चिपळुणात बघू,” ड्रायव्हर म्हणतो. घाटाआधी थांबण्याची ही सोयीची जागा होती.

११.३०, कुंभार्ली घाटाचा उतार.
दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन गाडीला धरून आहे. गाडी रोखण्याचा हा भार शाफ्टवर उलट दिशेने येतो, आणि क्रॉस तुटतो. इंजिनचा धर त्याच क्षणी सुटतो. मोकळं टोक गरगरत मागच्या ब्रेकचा पाइप तोडतं. उरतात ते फक्त पुढचे ब्रेक. ते दाबताच ट्रॉली मागून रेटते आणि गाडीला आडवी लोटते. ड्रायव्हर गाडी डोंगराकडे घालतो. माणसं वाचतात. पिकअपचं तोंड चेपतं, जनरेटर रस्त्यावर पडतो.

नवा क्रॉस हा तास-दोन तासांचा मामला होता. सहा तासांत त्याची किंमत गाडी आणि जनरेटर झाली. ट्रॉली ओढत असाल तर निघण्याआधी सपाट जागी चाकांना दगड लावा, इंजिन बंद करून गाडी न्यूट्रल करा, शाफ्ट हाताने पिळा. क्रॉसमध्ये किंचितही खेळ जाणवला तर तो बदला. निपल असेल तर ग्रीस भरा. गाडी पाण्यातून गेली असेल तर न चुकता भरा. शाफ्ट सोडण्याआधी मेस्त्रीला खूण करायला लावा. आणि हे सगळं घाटात नको, घरी करा.